सात, चार आणि दीड : घरशाळेची सकाळ काही केल्या बसत नाहीये

अर्धंपान

घरात मुलं तीन. मोठी सात वर्षांची, मधला चार, धाकटा दीड. मोठीचं शिकवणं घरीच, आणि ते माझ्याकडे, कारण माझं काम दुपारी दोननंतर सुरू होतं. साडेनऊला बसायचं असं ठरलेलं आहे. सव्वादहाला धाकटा टेबलावर चढलेला असतो, मधल्याला ताईची पेन्सिलच हवी असते, आणि ताई तेवढ्यात उठून गायब. अकराला हाताशी उरतं ते अर्धं पान.

नेमके प्रश्न असे :

सात वर्षांच्या मुलीला रोज किती वेळ पुरतो? शाळेच्या पाच-सहा तासांशी तुलना केली की पोटात गोळा येतो.

धाकट्या दोघांचं त्या वेळात काय करायचं? टीव्ही लावणं सोडून सांगा.

वाचनात अक्षरं येतात, काना येतो, पण वेलांटीपाशी गाडी अडते. 'कविता'चं 'किवता' होतं, 'गणित'चं 'गिणत'. शिवाय घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल.

चौऱ्याहत्तर सांगितलं की ४७ लिहिते. दर वेळी नाही, पण दहातून सहा वेळा.

'धीर धरा, सगळं होतं' छापाची उत्तरं कृपया नकोत, ती घरातच भरपूर मिळतात.

---

खिडकीपाशी

वेळेचा हिशोब आधी संपवू, म्हणजे पोटातला गोळा जाईल. शाळेच्या तासांत हजेरी, वह्या वाटणं, तीसजणांचं लिहून होईपर्यंत थांबणं, फळ्यावरून उतरवणं, ओळीत उभं राहणं हे सगळं असतं. एकास एक बसलं की ते उरत नाही. सात वर्षांना वाचन १५ मिनिटं, लेखन १०, गणित २०, आणि तुम्ही मोठ्याने वाचून दाखवायचं ते २० मिनिटं. झाली पासष्ट मिनिटं. तीही एका बैठकीत नाही, तीन तुकड्यांत. बाकीचं शिकणं कामांत, खेळात, प्रश्नांत होत राहतं. ते वेळापत्रकात मांडायला गेलात तर तेही बिघडेल.

आता तुमची सकाळ. साडेनऊला सुरुवात मोठीपासून होते, खरी चूक तिथे आहे. सुरुवात धाकट्यापासून करा. पहिली पंधरा मिनिटं पूर्ण लक्ष त्याच्याकडे : जमिनीवर बसून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. दीड वर्षाचं मूल दुर्लक्षित असेल तर दर दोन मिनिटांनी येऊन खेचतं, आणि पोटभर लक्ष मिळालेलं असेल तर पंधरा-वीस मिनिटं जवळपास स्वतःचं स्वतः रमतं. तेवढ्यात मोठीचा एक तुकडा होतो. मग परत सगळे मिळून अंगणात, गच्चीवर, जिथे पळता येईल तिथे अर्धा-पाऊण तास. मग दुसरा तुकडा. तिसरा तुकडा धाकट्याच्या झोपेत.

टोपल्यांची युक्ती करून बघा. पाच टोपल्या, प्रत्येकीत तीनच वस्तू, रोज एकच टोपली बाहेर, आणि ती फक्त शिकायच्या वेळेत. धडा संपला की टोपली उंचावर. खेळण्यांचा ढीग कायम समोर असेल तर त्यात नवं काही राहत नाही. सहाव्या दिवशी पहिली टोपली परत आली की ती नवीच वाटते. आत काय? एकात एक बसणारे पेले. रुंद तोंडाचा डबा आणि त्यात टाकायला मोठे लाकडी ठोकळे. एका खोक्याला भोक पाडून त्यातून ओढून काढायला रुमालांची माळ (माळ आखूडच, फार तर वीतभर, म्हणजे गळ्यात अडकणार नाही). महागडं काही लागत नाही. 'शैक्षणिक' असं लिहिलेलं तर अजिबात लागत नाही.

मधल्याला शिकवायचं नाही, पण त्याला जागा द्यायची. तशीच वही, बिनरेघी, जाड खडू, ताईसारखाच डबा. त्याला ताईची पेन्सिल नको असते, ताईसारखं बसायचं असतं. दहा मिनिटं बसेल, मग उठेल, उठू द्या. शिवाय एक मानाचं काम : पाच मिनिटांची वाळूची घटिका उलटवणं. घटिका संपायच्या आत त्याला काही हवं असेल तर बोलायचं नाही, तुमच्या मनगटावर हात ठेवायचा, तुम्ही त्यावर हात ठेवायचा, म्हणजे 'कळलं मला'. पहिल्या आठवड्यात वीस सेकंदांत त्याच्याकडे वळा. पहिल्याच दिवशी पाच मिनिटं थांबवलंत तर तो परत कधी मनगटाला हात लावणार नाही, सरळ ओरडेल.

---

काटकोन

खिडकीपाशी यांचं पटलं, एक सोडून : धाकट्याची झोप धड्याला देऊ नका. दीड वर्षाच्या आसपास दिवसातल्या दोन झोपांची एक होते, म्हणजे घरातली एकमेव शांत वेळ तीच. ती मोठीलाही लागते आणि तुम्हालाही. दोनला तुमचं काम सुरू होतंय. सकाळभर बोलून त्यावर थेट कामाला बसलात तर तीन आठवड्यांत चिडचिड सुरू होते आणि मग घरशाळा बंद करायच्या गोष्टी निघतात. झोपेच्या वेळेत सगळ्यांनी आपापल्या जागी, पुस्तक, चित्र, ठोकळे, काहीही, आवाज नाही. मधला झोपत नसला तरी त्याचा कोपरा ठरलेला. सुरुवात दहा मिनिटांपासून, रोज दोन-दोन वाढवत तासापर्यंत. उठून आला की न बोलता, न समजावता परत जागेवर नेऊन सोडायचं. समजावत बसलात तर तेच त्याचं बक्षीस ठरतं.

आणि सुरक्षिततेचं कोणी बोललं नाही. गणिताचं साहित्यच या घरात सगळ्यात धोक्याचं आहे. मणी, बिया, बटणं दीड वर्षाच्या मुलासमोर येताच कामा नयेत. लहान मुलांच्या खेळण्यांची तपासणी करतात ती नळी ३१.७ मिलिमीटर व्यासाची असते; तिच्यात पूर्ण मावेल ते तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायचं नाही. घरी टॉयलेट पेपरची आतली पुठ्ठ्याची नळी वापरा. ती थोडी रुंद असते, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूलाच होते. चुंबकाची अक्षरं दिसायला छान, पण आतलं चुंबक सुटलं आणि दोन गिळले गेले तर ते आतड्याच्या भिंती मध्ये धरून चिकटतात. बटणासारखी चपटी बॅटरी (डिजिटल वजनकाट्यात, बोलणाऱ्या पुस्तकात असते) घशात अडकली तर दोन तासांत भाजल्यासारखी जखम करते. यांपैकी काही गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट बघायची नाही, तडक दवाखाना.

मोजायला आइस्क्रीमच्या चपट्या काड्या घ्या, झाकणाच्या डब्यात. काढताना मोठीने मोजायच्या, ठेवताना परत मोजायच्या. वीस काढल्या, वीस आत. एकोणीस भरल्या तर उठायचं नाही, शोधायची. गणिताचा तेवढाच जास्तीचा सराव.

---

वेलांटी_दुसरी

(नाव प्रश्नाआधीचं आहे, योगायोग.)

'किवता' आणि 'गिणत' ही चूक आळसाची नाही, उलट मुलगी नीट, डावीकडून उजवीकडे वाचतेय. कागदावर क, मग ि, मग व असंच दिसतं. तिच्या लेखी खूण क-च्या नंतर आली, म्हणून क-ला लावली. कान्याने तिला हेच शिकवलंय : खूण अक्षराच्या मागून येते. पहिली वेलांटी ही एकटीच अशी की जी आधी लिहिली जाते आणि नंतर बोलली जाते. म्हणून 'नीट बघून वाच' म्हणून काही उपयोग नाही. ती नीट बघते म्हणूनच चुकते.

क्रम बदला. पहिल्यांदा दुसरी वेलांटी, कारण ती कान्यासारखी मागून येते. पाटी, गाडी, माती, घडी, वही. असे तीसएक शब्द सहज वाचता आले, साधारण दहा दिवस धरा, की मग पहिली. आणि पहिलीचे शब्द सुरुवातीला असे निवडा की वेलांटी शब्दाच्या तोंडाशीच येईल : दिवा, विमान, किडा, चिमणी. डावीकडे दुसरं अक्षरच नाही, त्यामुळे चिकटवायला जागा नाही. ते बसल्यावरच कविता, गणित, शनिवार, रविवार हे फसवे शब्द.

नियम एकच सांगायचा, दोन्ही वेलांट्यांना चालतो : वेलांटीची मान ज्या अक्षरावर वाकते, ते अक्षर तिचं. पहिलीची मान उजवीकडे वाकते, दुसरीची डावीकडे. 'कविता' मोठ्या अक्षरात लिहा, क वर कागदाचा तुकडा झाका, मान कोणावर आहे ते बोटाने दाखवायला लावा, मग वाचायला. एक अडचण : काही छापील अक्षरवळणांत ती मान इतकी आखूड असते की अक्षरापर्यंत पोचतच नाही. तशी पुस्तकं सध्या बाजूला. हाताने लिहिलेली कार्डं सगळ्यात बरी, अक्षर चार-पाच सेंटिमीटर उंच, वेलांटी आणि तिचं अक्षर एका रंगात. दोन आठवड्यांनी रंग काढून घ्या, नाहीतर ती रंग वाचायला लागते.

ऱ्हस्व-दीर्घ एवढ्यात दुरुस्त करू नका. बोलताना 'इ' आणि 'ई' आपण फारसे वेगळे काढत नाही, मग तिने ऐकून कसं ओळखायचं? एकच गोष्ट आत्ता देता येईल : शब्दाच्या शेवटी आली तर दुसरी वेलांटी. 'आणि', 'नि' हे ठळक अपवाद. एवढ्या एका नियमावर लेखनातल्या निम्म्याहून जास्त वेलांट्या बरोबर येतात, असं वह्या तपासताना दिसतं.

घ-ध आणि भ-म यांचं मूळ शिरोरेघेत आहे. ध आणि भ यांच्या डोक्यावर डावीकडे रेघ तुटलेली असते, घ आणि म यांच्या डोक्यावर सलग. मूल शब्द लिहून झाल्यावर डावीकडून उजवीकडे सरसकट एक रेघ ओढतं आणि त्या एका फटक्यात 'धन'चं 'घन' होतं. मग स्वतःचंच लिहिलेलं चुकीचं वाचतं. उपाय : काही महिने रेघ अक्षरागणिक, शब्दावर सलग नाही. थ आणि य लाही हेच लागू. वाचनासाठी या जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नका. आधी घ पक्का, तीन आठवड्यांनी ध.

---

खिडकीपाशी

वेलांटी_दुसरी, इथे थोडा वाद घालतो. सारख्या वळणाची अक्षरं एकत्र शिकवायची पद्धत आहेच की : व, ब, क एका घरचे, र, स, ख एका घरचे. हाताला एकच वळण पुन्हा पुन्हा मिळतं, बसतं लवकर. तुम्ही म्हणता तसं लांब ठेवलं तर लिहिण्याचा तो फायदा जातो.

---

वेलांटी_दुसरी

लिहिताना एकत्र, वाचताना लांब. दोन्ही एकाच क्रमाने चालवायला हवं असं कुठे आहे? लेखनाच्या दहा मिनिटांत व-ब-क एका ओळीत गिरवू देत, वाचनाच्या कार्डांत मात्र व आणि ब एका दिवशी नकोत. गोंधळ हाताचा नसतो, नाव आठवण्याचा असतो. दोन सारखे चेहरे एकाच दिवशी ओळख करून दिले की नावांची अदलाबदल होते, मोठ्या माणसांचीही होते. आणि ख लिहिताना र ची शेपटी व ला जोडायला शिकवा. सुटी राहिली की 'खाना' आणि 'रवाना' हा जुना घोळ आहेच.

---

काटकोन

चौऱ्याहत्तरचं उत्तर राहिलंय. पुन्हा तेच, मुलगी ऐकते तसं लिहिते. शब्दात चार आधी ऐकू येतो, सत्तर नंतर. लिहिताना सात आधी, चार नंतर. मराठीत एकवीसपासून पुढे हा उलटा प्रवास कायमचा आहे, त्यामुळे याला वेगळा सराव लागतो. संख्याज्ञान कच्चं आहे असं समजून एक ते शंभर दहा वेळा लिहायला लावणं हा त्यावरचा सर्वात निरुपयोगी इलाज.

पुठ्ठ्याची कार्डं करा. १० ते ९० ही नऊ दशकाची, दुप्पट रुंदीची. १ ते ९ ही एककाची, दशकाच्या निम्म्या रुंदीची. ७० च्या शून्यावर ४ ठेवला की ७४. तुम्ही 'चौऱ्याहत्तर' म्हणायचं, तिने दशकाचं कार्ड आधी उचलायचं. एककाच्या कार्डाला आधी हात गेला तर काही न बोलता थांबायचं. शब्दाची शेपटी ऐकायची सवय लावायची : शेवटी 'चाळीस' म्हणजे ४०, 'सष्ट' म्हणजे ६०, 'हत्तर' म्हणजे ७०, 'ण्णव' म्हणजे ९०. पन्नाशी त्रासदायक, तिला दोन शेपट्या आहेत, बावन्नची 'वन्न' आणि त्रेपन्नची 'पन्न'. म्हणून चाळिशीपासून सुरुवात करा, तिथे अख्खा 'चाळीस' शब्द स्वच्छ ऐकू येतो. मग साठी, मग सत्तरी, पन्नाशी त्यानंतर.

सोबत बोलण्यात दोन्ही नावं ठेवा : 'सत्तर आणि चार, चौऱ्याहत्तर'. दोन-तीन आठवडे असंच. पहिलं नाव लिहायला, दुसरं जगात वापरायला.

'एकोण'वाले वेगळे, आणि शेपटीचा नियम बसेपर्यंत त्यांना हात लावू नका, कारण ते तो नियम मोडतात. एकोणसत्तर ऐकलं की ती ७० चं कार्ड उचलणार, आणि ते तिच्या दृष्टीने बरोबरच आहे. शंभरचा तक्ता समोर ठेवून दाखवा : सत्तरच्या घरावर बोट ठेव, एक घर मागे ये. असे आठ आहेत, एकोणीस ते एकोणनव्वद. नव्याण्णव त्यांच्यात नाही, त्याला कुणी 'एकोणशंभर' म्हणत नाही. मुलांना हा अपवाद भारी आवडतो.

---

अर्धंपान

हे छापून भिंतीवर लावण्यासारखं आहे. दोन उपप्रश्न. एक, ती इंग्रजी अंकही ओळखायला लागली आहे आणि आता १ आणि ९ मध्ये गोंधळ सुरू झालाय, तो आधी नव्हता. दोन, आठवड्याचं वेळापत्रक केलं की मंगळवारी एक दिवस गेला तरी पुढचं सगळं सरकतं. ते कसं सांभाळता?

---

काटकोन

आपला १ आणि आपला ९ एकमेकांची आरशातली प्रतिमा वाटतात, तसेच ३ आणि ६. त्यात इंग्रजी नऊ दिसतो आपल्या एकासारखा आणि इंग्रजी आठ आपल्या ४ सारखा. तिचा गोंधळ अगदी रास्त आहे. एक लिपी निवडा, लेखन दोन-तीन महिने त्या एकाच लिपीत. दुसरी लिपी घड्याळावर, पुस्तकाच्या पानावर दिसेल तशी दिसू दे, पण लिहायची नाही. नंतर सुरू कराल तेव्हा वही वेगळी आणि पेन्सिलीचा रंगही वेगळा. एकाच गणितात दोन्ही लिपींचे अंक कधीच नकोत. सात वर्षांपर्यंत एखादा अंक उलटा येणं नेहमीचं आहे. आठव्या वर्षानंतरही अंक आणि अक्षरं दोन्ही वारंवार उलटी येत असतील, वाचनही रखडत असेल, तर जाणकाराला दाखवा.

---

खिडकीपाशी

वेळापत्रकाचं : तारखेला धडा बांधू नका, धड्यांना नुसते क्रमांक द्या. गणित १, २, ३… मंगळवार बुडाला तर बुधवारी तोच पुढचा क्रमांक. सरकलं असं काही उरतच नाही. वही एकच, रोज एक ओळ : तारीख, काय झालं, कुठे अडलं. 'कुठे अडलं' हा रकाना महत्त्वाचा, कारण उद्याची सुरुवात तिथून करायची असते. महिन्याला प्रत्येक विषयाचं एक पान, चांगलं नव्हे, नेहमीसारखं, तारीख घालून फायलीत. पुढे प्रगती कोणी विचारली तर हेच दाखवता येतं.

शिवाय एक 'किमान दिवस' ठरवून ठेवा, आजारपणासाठी, पाहुण्यांसाठी, किंवा नुसतंच सगळं फिसकटलं त्यासाठी : दहा मिनिटं वाचन, दहा मिनिटं गणित, आणि झोपताना वाचून दाखवणं. तेवढं झालं की दिवस भरला.

मोठी 'गायब' होते त्याचं : बहुधा ती दमून उठते आणि आपण तिला पान पूर्ण करायला परत बसवतो. पान हे माप धरू नका. घटिका संपली की थांबायचं, उदाहरण अर्धं असलं तरी. रडू यायच्या बेतात असेल तर एक सोपं, नक्की येणारं द्या, ते बरोबर आलं की वही बंद.

बसण्याचंही बघा, निम्मी चुळबुळ खुर्चीमुळे असते. पाय लोंबकळत असतील तर खाली खोकं ठेवा, तळवे टेकले पाहिजेत. टेबल कोपराच्या उंचीला, वही डोळ्यांपासून किमान एक फूट. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून, डावखुऱ्याला उलट. आणि बाहेरचं खेळणं कापून धडा वाढवू नका. जागतिक आरोग्य संघटना पाच वर्षांवरच्या मुलांना रोज किमान ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते, तीन-चार वर्षांच्यांना दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल, त्यातली ६० दमवणारी. टीव्हीबद्दल तुम्ही आधीच हात जोडलेत, तरी नोंदीपुरतं : त्याच संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीत दोन वर्षांखालच्यांना पडदा नकोच आहे, दोन ते चार वर्षांना फार तर एक तास.

---

अर्धंपान

झोपेच्या तासाबद्दल तुम्हा दोघांचं एकमत नाही, मग मी काय धरू?

---

काटकोन

धाकटा झोपला की पहिली वीस मिनिटं मोठीबरोबर गणित, तेवढंच, घटिका लावून. त्यानंतर सगळे आपापल्या कोपऱ्यात, तुम्हीही. भांडी त्या तासात घासायची नाहीत. खिडकीपाशी, चालेल?

---

खिडकीपाशी

चालेल. पण वीस म्हणजे वीस.

---

वेलांटी_दुसरी

आणि कार्डं करताना जाड पुठ्ठा घ्या, अर्धंपान. पातळ कागदाची धाकट्याच्या तोंडात दोन दिवसांत लगदा होतात, आणि नेमकं ि चं कार्ड आधी जातं.